टी पेशीला कॅन्सर दिसतो तरी कसा? काकांच्या इम्युनोथेरपीच्या निमित्तानं

निपाणीकर

नमस्कार. माझ्या काकांची सगळी हयात निपाणीत तंबाखूच्या वखारीत गेली. तोंडात तंबाखू कायमचाच. गालाचा कॅन्सर निघाला, ऑपरेशन झालं, किरणं देऊन झाली आणि आता मानेत पुन्हा गाठ आली आहे. डॉक्टरांनी इम्युनोथेरपीचा विषय काढलाय. दर तीन आठवड्यांनी निवोलुमॅब, तेही कमी डोसमध्ये, सोबत गोळ्या. समजावताना ते म्हणाले, "तुमच्याच टी पेशी कॅन्सरला ओळखून मारतील."

मी हायस्कूलला विज्ञान शिकवतो, त्यामुळे हे वाक्य डोक्यातून जाईना. टी पेशी म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचा एक प्रकार, एवढं ठाऊक आहे. जंतू बाहेरून येतो, शरीर त्याला परका म्हणून ओळखतं, इथवर मुलांना सांगतो. पण कॅन्सरची पेशी काकांचीच आहे. त्यांच्याच गालाच्या कातडीतून ती तयार झाली. मग टी पेशीला त्यात वेगळं असं दिसतं काय? आणि दिसत असेल तर आजवर का मारलं नाही? नेटवर शोधलं की कार-टी, टीसीआर थेरपी, टिल असली नावं येतात. काकांचं औषध यातलं कुठलं?

जाणकारांनी सविस्तर लिहा, लांब झालं तरी चालेल. घरगुती उपायांचे फॉरवर्ड मात्र नकोत, त्यांनी घरातला ग्रुप भरून गेलाय.

हिंडलगा_रोड

काकांना लवकर आराम पडो. इम्युनोथेरपी म्हणजे प्रतिकारशक्ती वाढवायची, असंच ना? मग आहार वगैरे बघून पण ती वाढतेच की.

प्रयोगशाळेतली

मूळची शहापूरची, सध्या पुण्यात रोगप्रतिकारशास्त्रात काम करते. निपाणीकर सर, तुमचा पहिला प्रश्न या शाखेतल्या लोकांनाही अनेक दशकं छळत होता.

टी पेशीला अख्खी कॅन्सरची पेशी दिसतच नाही. तिला दिसतो प्रथिनाचा एक बारका तुकडा, साधारण आठ ते अकरा अमिनो आम्लांचा, बहुतेक वेळा नऊ. तोही सुटा असून चालत नाही. एचएलए नावाच्या प्रथिनाच्या खोबणीत बसून पेशीच्या पृष्ठभागावर आलेला असावा लागतो.

हे घडतं असं. प्रत्येक पेशीत प्रथिनं सतत तयार होतात आणि मोडली जातात. मोडण्याचं काम प्रोटिअसोम नावाचं पेशीतलं यंत्र करतं. त्यातले काही तुकडे टॅप नावाच्या वाहकातून आतल्या जाळीत जातात, तिथं ते एचएलएच्या खोबणीत बसतात आणि ही जोडी पेशीच्या बाहेरच्या पडद्यावर येते. निरोगी पेशीही हेच अखंड करत असते. एका पेशीवर अशा हजारो जोड्या असतात. टी पेशी शरीरभर फिरते आणि आपला रिसेप्टर, म्हणजे टीसीआर, या जोड्यांना लावून बघते.

टीसीआरच्या दोन साखळ्या असतात, अल्फा आणि बीटा. प्रत्येकीच्या टोकाला तीन वळणं. पहिली दोन मुख्यतः एचएलएच्या कडांना टेकतात. तिसरं वळण, सीडीआर३, मधोमध येऊन तुकड्याला भिडतं. नऊ अमिनो आम्लांतली साधारण दुसरी आणि नववी खोबणीत रुतलेली असतात, मधली चार-पाच वर डोकावतात. सगळा निकाल त्या चार-पाचांवर.

आता तुमची शंका, की पेशी तर आपलीच. बरोबर, पण आतला सगळा माल मूळचा राहिलेला नसतो. तंबाखूनं डीएनएत बदल होतात. बदललेल्या जनुकातून बदललेलं प्रथिन, आणि त्याचा तुकडा खोबणीत बसला तर शरीरानं पूर्वी कधी न पाहिलेली गोष्ट बाहेर मांडली जाते. त्याला निओअँटिजेन म्हणतात. दुसरा प्रकार म्हणजे जी जनुकं मोठ्या माणसात वृषण सोडून जवळपास सगळीकडे बंद असायला हवीत ती कॅन्सरमध्ये चालू होतात. मेज आणि एनवाय-ईएसओ-१ ही त्यातली गाजलेली नावं. तिसरा, विषाणूमुळे झालेल्या कॅन्सरमध्ये विषाणूचीच प्रथिनं, जसं गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमध्ये एचपीव्हीची ई६ आणि ई७. चौथा, त्या अवयवाचंच प्रथिन, पण प्रमाणाबाहेर.

हिंडलगा_रोड, चांगला आहार आजारी माणसाला हवाच. पण नेमका हा तुकडा ओळखणारी टी पेशी कामाला लावणं हे त्याहून अगदी निराळं काम आहे.

अडत_दुकान

मॅडम, मी आपल्या मार्केट यार्डात अडतीचा माणूस. वाचून मला काय समजलं ते सांगतो, बरोबर की चूक तुम्ही बघा. पोतं न सोडता लोखंडी नळी खुपसतोय, मूठभर दाणे हातावर घेतोय आणि त्याच्यावरून सगळ्या मालाचा भाव करतोय. टी पेशी पण पोतं उघडत नाही, नमुना बघते. असंच ना?

प्रयोगशाळेतली

काका, छान पकडलंत. एकच फरक. इथं नमुना काढणारा व्यापारी नाही, पोतंच आपणहून आतले दाणे बाहेर मांडतं. म्हणून त्यानं मांडायचंच बंद केलं, किंवा खराब दाणे सोडून बाकीचेच मांडले, तर परीक्षा करणारा कितीही तयारीचा असला तरी त्याला काही कळणार नाही. कॅन्सर नेमकं हेच करतो.

मार्कंडेय

निवृत्त जीवशास्त्राचा प्राध्यापक. थोडा इतिहास सांगतो, कारण तो कळल्याशिवाय एचएलएचं महत्त्व मनावर ठसत नाही.

१९७४ साली ऑस्ट्रेलियात कॅनबेराला रॉल्फ झिंकरनागेल आणि पीटर डोहर्टी उंदरांवर प्रयोग करत होते. विषाणूची लागण झालेल्या उंदराच्या टी पेशी त्याच विषाणूनं ग्रासलेल्या पेशी मारत होत्या, पण त्या पेशी त्याच वंशाच्या उंदराच्या असतील तरच. दुसऱ्या वंशाच्या उंदराची पेशी, विषाणू तोच, तरी टी पेशी ढिम्म. म्हणजे टी पेशी एकाच वेळी दोन गोष्टी बघते, परकं काय आहे आणि ते आपल्या कुठल्या प्रथिनावर बसलंय. या शोधाला १९९६ चं नोबेल मिळालं. टीसीआरची जनुकं १९८४ मध्ये हाती आली, मार्क डेव्हिस आणि टाक माक यांच्या गटांकडून. १९८७ मध्ये पामेला ब्यॉर्कमन आणि सहकाऱ्यांनी एचएलए-ए२ ची रचना क्ष-किरणांनी उलगडली, तेव्हा ती खोबण पहिल्यांदा डोळ्यांना दिसली. आणि १९९१ मध्ये ब्रुसेल्सला थिअरी बून यांच्या गटानं मेज-१ शोधलं. माणसाच्या टी पेशी माणसाच्याच ट्यूमरमध्ये काय बघतात याचा पहिला नेमका पुरावा तो.

बाईंच्या लिखाणात एक भर घालतो. टीसीआरची पकड मुळात फार ढिली असते. अँटिबॉडीच्या, म्हणजे रक्तात फिरणाऱ्या प्रतिकाराच्या प्रथिनाच्या, तुलनेत शेकडो, हजारो पटींनी कमी. काही सेकंदांत सुटतो. तरीही एका पेशीवरच्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या जोड्यांवरून टी पेशी पेटू शकते. हे कसं जमतं याचं एक मान्य स्पष्टीकरण असं की पेशीच्या आत फॉस्फेट चढवण्याचे टप्पे एकामागून एक पुरे व्हावे लागतात. आधी एलसीके हे विकर, मग झॅप-७०, पुढे आणखी. चुकीचा तुकडा असेल तर टप्पे पुरे होण्याआधीच टीसीआर सुटतो आणि सगळं पहिल्यापासून. बरोबरचा तुकडा थोडा जास्त वेळ धरून ठेवतो, तेवढ्यात निरोप आतपर्यंत पोचतो. निकाल ठरतो तो काही सेकंदांच्या फरकावर. मला तर निसर्गातली यापेक्षा सुंदर यंत्रणा माहीत नाही.

यळ्ळूरगड

सर, एवढं बारीक मला जमत नाही पण वाचायला थांबवेना. एक शंका. असे लाखो करोडो तुकडे असतील, प्रत्येकासाठी वेगळी टी पेशी शरीर तयार कशी ठेवतं?

मार्कंडेय

जनुकांचे तुकडे उलटसुलट जोडून. टीसीआरचं तयार जनुक जन्मतः नसतंच, व्ही, डी, जे असे वेगवेगळे संच असतात. प्रत्येक टी पेशी घडताना त्यातला एकेक उचलून जोडते आणि जोडाच्या ठिकाणी आणखी काही अक्षरं यदृच्छेनं घालते. नेमकं तिथंच सीडीआर३ येतं. अँटिबॉडीच्या बाबतीत ही जोडणी दाखवल्याबद्दल सुसुमु तोनेगावा यांना १९८७ चं नोबेल आहे.

तरीही तुकड्यांची शक्य संख्या टी पेशींच्या संख्येपेक्षा फार मोठी. त्यामुळे एका टीसीआरला अनेक तुकडे चालवून घ्यावे लागतात. एक टीसीआर दहा लाखांच्या घरात वेगवेगळे तुकडे ओळखू शकतो असा अंदाज मांडला गेला आहे. हा गुणही आहे आणि धोकाही.

अथणीकर

धोका म्हणजे? आपल्याच अंगावर उलटणार?

प्रयोगशाळेतली

हो, तसं घडलेलं आहे आणि ते प्रत्येकानं समजून घ्यावं असं मला मनापासून वाटतं.

छातीत थायमस ग्रंथी असते. टी पेशी तिथं घडतात आणि तिथंच त्यांची चाळणी होते. आपल्या शरीरातले तुकडे फार जोरात पकडणाऱ्या टी पेशी तिथंच मारल्या जातात. त्यामुळे मेजसारख्या, म्हणजे शेवटी आपल्याच जनुकातून आलेल्या तुकड्यांना पकडणारे टीसीआर उरतात ते कमजोर. म्हणून शास्त्रज्ञांनी ठरवलं की प्रयोगशाळेत टीसीआरची पकड वाढवायची, मग तो रुग्णाच्या टी पेशींत घालायचा.

मेज-ए३ साठी असा पकड वाढवलेला टीसीआर तयार झाला. कॅन्सरच्या दोन रुग्णांना त्या पेशी दिल्या आणि काही दिवसांतच दोघंही हृदय बंद पडून गेले. हृदयात मेज-ए३ अजिबात नसतं. २०१३ मध्ये तपासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. हृदयाच्या स्नायूत टायटिन नावाचं प्रचंड मोठं प्रथिन असतं. त्यातला नऊ अमिनो आम्लांचा एक तुकडा मेज-ए३ च्या तुकड्याशी पुरेसा मिळताजुळता निघाला. दोन्ही तुकड्यांत नऊपैकी चारच जागा वेगळ्या. प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या पेशींवर हे आधी दिसलं नव्हतं. मूलपेशींपासून वाढवलेल्या, धडधडणाऱ्या हृदयपेशी घेतल्या तेव्हा टी पेशींनी त्यांना मारून दाखवलं. तेव्हापासून असा कुठलाही टीसीआर माणसाला देण्याआधी शरीरातल्या इतर प्रथिनांशी त्याचं साम्य कसून तपासतात.

मलप्रभा

बापरे. वाचून अंगावर काटा आला. निपाणीकर दादा, काकांना असलं काही देणार नाहीत ना?

खानापूरचा_डॉक्टर

नाही देणार, निश्चिंत राहा. आता मी लिहितो, कारण तिसरा प्रश्न अजून तसाच आहे आणि काकांच्या दृष्टीनं तोच सगळ्यात महत्त्वाचा.

काकांना निवोलुमॅब सुचवलंय. कार-टी, टीसीआर थेरपी किंवा टिल (गाठीतल्याच टी पेशी काढून, वाढवून परत देणं) यातलं ते काहीच नाही. ती एक अँटिबॉडी आहे. तिच्यात नवीन टीसीआर नाही, बाहेरून कुठल्या पेशीही घालत नाहीत. काकांच्या अंगात जे टीसीआर आधीपासून आहेत त्यांच्यावरच सगळी भिस्त.

टी पेशीवर पीडी-१ नावाचा ब्रेक असतो. ट्यूमरच्या पेशी पीडी-एल१ दाखवून तो दाबतात. टीसीआरनं तुकडा ओळखला तरी निरोप आतल्या आत विझतो. निवोलुमॅब पीडी-१ वर बसतं आणि ब्रेक सुटतो. ब्रेकच्या या शोधासाठी जेम्स ॲलिसन आणि तासुकु होंजो यांना २०१८ चं नोबेल मिळालं. सर, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं, आजवर का मारलं नाही याचं अर्धं उत्तर हे. उरलेलं अर्धं मॅडम सांगतील.

कमी डोसबद्दल. टाटा मेमोरियलमध्ये डोक्या-मानेच्या पुढे गेलेल्या कॅन्सरच्या १५१ रुग्णांवर चाचणी झाली. एका गटाला मेथोट्रेक्सेट, सेलेकॉक्सिब आणि एर्लोटिनिब ही स्वस्त औषधं, दुसऱ्या गटाला तीच अधिक दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम निवोलुमॅब. एरवीचा डोस दर दोन आठवड्यांनी २४० मिलिग्रॅम. वर्षभरानंतर पहिल्या गटात १६.३ टक्के रुग्ण हयात होते, दुसऱ्यात ४३.४ टक्के. आपल्यासारख्या लोकांसाठी हा आकडा फार मोठा आहे, आणि तो आपल्याच देशातल्या डॉक्टरांनी आपल्याच रुग्णांवर सिद्ध केलाय. सोबत गोळ्या आहेत म्हणता, म्हणजे तुमच्या डॉक्टरांच्या डोळ्यांपुढे बहुधा हीच पद्धत आहे.

पण अपेक्षा वाजवी ठेवा. पूर्ण डोसच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत एकट्या निवोलुमॅबनं गाठ लक्षणीय लहान झाली ती १३.३ टक्के रुग्णांत. सगळ्यांना गुण येत नाही.

अथणीकर

डॉक्टर, स्पष्टच विचारतो. कार-टी आता भारतात तयार होते ना? आयआयटी मुंबईची. तीस-चाळीस लाख जमवले, शेत विकलं, तर तोंडाच्या कॅन्सरला ती का नाही चालणार?

खानापूरचा_डॉक्टर

शेत विकू नका. कोणालाच हा सल्ला देऊ नका.

तुम्ही म्हणता त्या कार-टीला, म्हणजे नेक्सकार१९ ला, ऑक्टोबर २०२३ मध्ये परवानगी मिळाली, ४ एप्रिल २०२४ ला राष्ट्रपतींच्या हस्ते आयआयटी मुंबईत तिचं लोकार्पण झालं. आयआयटी आणि टाटा मेमोरियलचं हे काम अभिमानास्पद आहे. पण ती बी पेशींच्या (अँटिबॉडी बनवणाऱ्या पांढऱ्या पेशींच्या) रक्ताच्या आणि लसिकेच्या कॅन्सरसाठी. तिचं लक्ष्य सीडी१९ हे प्रथिन, आणि ते तोंडाच्या कॅन्सरच्या पेशीवर नसतंच.

प्रयोगशाळेतली

फरक इथं नीट बघा. कार-टीमध्ये टी पेशीला अँटिबॉडीचा डोळा बसवलेला असतो. तो पेशीच्या बाहेरच्या पडद्यावरचं अख्खं प्रथिन बघतो, एचएलए लागत नाही. म्हणून रुग्ण कुठल्याही एचएलएचा असला तरी चालतो. पण पेशीतली बहुतेक प्रथिनं आतच असतात. कॅन्सर घडवणारे केरास, पी५३ या जनुकांतले बदल आतल्या प्रथिनांतले. ते फक्त टीसीआरला दिसू शकतात, तुकड्याच्या रूपात. घट्ट गाठींच्या कॅन्सरमध्ये टीसीआरकडे इतकं लक्ष आहे ते यामुळे.

केरासचं उदाहरण देते. बाराव्या जागी ग्लायसिनऐवजी ॲस्पार्टिक आम्ल आलं की त्याला जी१२डी म्हणतात. स्वादुपिंडाच्या कॅन्सरमध्ये हे फार दिसतं. हा तुकडा एचएलए-सी*०८:०२ या एचएलएच्या एका प्रकाराच्या खोबणीत बसतो, आणि गंमत अशी की बदललेलं अमिनो आम्लच तिथं खुंटीसारखं रुततं. मूळचा निरोगी तुकडा तिथं धड बसत नाही, त्यामुळे निरोगी पेशी आपोआप वाचतात. २०२१ मध्ये अमेरिकेत स्वादुपिंडाच्या कॅन्सरच्या एका बाईंना हा टीसीआर घातलेल्या त्यांच्याच टी पेशी दिल्या. सहा महिन्यांनी गाठी एकूण ७२ टक्क्यांनी लहान झालेल्या होत्या. हा एका रुग्णाचा निकाल आहे हे लक्षात ठेवूनच वाचा. पण ओळख नेमकी कशी असावी याचं हे माझं सगळ्यात आवडतं उदाहरण आहे.

अडत_दुकान

मग मॅडम, हा सी*०८:०२ म्हणताय तो सगळ्यांच्यात असतोय का?

प्रयोगशाळेतली

नसतो, आणि खरा पेच तिथंच आहे. प्रत्येकाला एचएलएचे ए, बी, सी मिळून आईकडून तीन आणि वडिलांकडून तीन असे जास्तीत जास्त सहा प्रकार मिळतात. लोकसंख्येत मात्र हजारो प्रकार आहेत. त्यामुळे बाजारात आलेली टीसीआरवर आधारलेली औषधं एचएलए बघूनच देतात. डोळ्याच्या मेलॅनोमा या कॅन्सरसाठी अमेरिकेत जानेवारी २०२२ मध्ये परवानगी मिळालेलं टेबेंटाफस्प फक्त ए*०२:०१ असलेल्यांना. ऑगस्ट २०२४ मध्ये सायनोव्हियल सार्कोमा या मऊ ऊतींच्या कॅन्सरसाठी आलेली टेसेल्रा ही टीसीआर घातलेल्या पेशींची पहिली मान्य उपचारपद्धती, मेज-ए४ वरची. ४४ रुग्णांच्या चाचणीत ४३ टक्क्यांना गुण आला. तिला ए*०२ चे ०१, ०२, ०३ आणि ०६ हे उपप्रकार चालतात.

आता आपलं बघा. युरोपियन लोकांत ए*०२:०१ भरपूर. भारतात ए२ गटामध्ये ०२:११ हा उपप्रकार बराच आढळतो, आणि तो या यादीत नाही. आपल्याकडे भरपूर असलेले ए*११, ए*२४, ए*३३ यांच्यासाठीचे टीसीआर आपणच शोधायला हवेत. दुसरं कोण कशाला शोधेल? मला या धाग्यात एकच गोष्ट ठासून सांगायची असेल तर ती ही. तंबाखूचा कॅन्सर आपला, आपली एचएलए आपली, तर त्या जोडीवर कुठले तुकडे बसतात हे शोधण्याचं कामही आपल्याच प्रयोगशाळांत व्हायला हवं.

मार्कंडेय

पूर्ण सहमत नाही. प्रत्येक एचएलएसाठी, प्रत्येक बदलासाठी वेगळा टीसीआर शोधायचा, वाढवायचा, तपासायचा, हा खर्च गरीब देशाला झेपणार नाही. खानापूरच्या डॉक्टरांनी सांगितलेला २० मिलिग्रॅमचा मार्ग बघा. औषध जुनंच, ओळखण्याचं काम रुग्णाच्या स्वतःच्या टीसीआरवर सोपवलं, आणि हजारोंपर्यंत पोचण्याची शक्यता निर्माण झाली. पैसा आधी तिकडे जावा, आणि त्याच्याही आधी तंबाखू सोडवण्याकडे.

प्रयोगशाळेतली

सर, तंबाखूबद्दल दुमत नाही. पण स्वतःच्या टीसीआरवर सोपवायचं तर आत ओळखणारा टीसीआर असायला हवा, आणि बघायला तुकडा हवा. भारतातल्या हिरडी-गालाच्या कॅन्सरच्या जनुकीय अभ्यासात, २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, पी५३, एफएटी१, कॅस्पेज-८, नॉच१ अशी जनुकं वारंवार बिघडलेली दिसली. यातलं कॅस्पेज-८ टी पेशीच्या माऱ्यानं पेशी मरते त्या वाटेवरचंच आहे. तोंडाच्या कॅन्सरमध्ये खुद्द एचएलए-ए चं जनुक मोडलेलंही सापडतं. निपाणीकर सरांच्या दुसऱ्या प्रश्नाचं उरलेलं उत्तर हेच. टी पेशींनी बहुधा पुष्कळ मारलंही असेल. ज्या पेशी तुकडा मांडत होत्या त्या गेल्या, ज्यांनी मांडणं बंद केलं त्या उरल्या आणि वाढल्या. अशा गाठीवर ब्रेक काढूनही काही होत नाही. १३ टक्क्यांचे ४० करायचे असतील तर कोणाच्या गाठीवर काय मांडलेलं आहे हे कळायलाच हवं.

मार्कंडेय

एचएलए-ए मोडतं हा मुद्दा वजनाचा आहे. तरी क्रमाबद्दल माझं मत तेच.

शहापूर_नाका

विषय थोडा वेगळा. एचपीव्हीच्या ई६-ई७ चा उल्लेख आला म्हणून विचारते. मुलींना जी एचपीव्हीची लस देतात ती पण टी पेशींसाठीच का? माझी लेक दहा वर्षांची आहे.

प्रयोगशाळेतली

नाही ताई. ती लस विषाणूच्या बाहेरच्या कवचाविरुद्ध अँटिबॉडी तयार करते, विषाणू पेशीत शिरण्याआधीच त्याला अडवते. म्हणून लागण होण्याआधी, लहान वयात घ्यायची. लेकीचं वय अगदी योग्य आहे. सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हाव्हॅक आता मिळते, बालरोगतज्ज्ञांना विचारून जरूर द्या.

कंग्राळी_बुद्रुक

आमच्या वहिनीच्या वेळी आम्ही परळला टाटाला गेलो होतो. राहायची सोय, भाषा, सगळं जमलं, पण येण्याजाण्यातच माणूस मोडतो. आता बेळगावात केएलईचं कॅन्सर हॉस्पिटल ३ जानेवारी २०२५ ला सुरू झालंय. निदान सलाईन इथं लागलं तर बरं. योजनेचं काय ते पण बघा. महाराष्ट्र सरकारनं २०२३ मध्ये सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले जन आरोग्य योजना लागू करायचं ठरवलं होतं. कागद कुठले लागतात ते आधी विचारून ठेवा, ऐनवेळी धावपळ नको.

सह्याद्री_एक्स्प्रेस

त्या ८६५ गावांवरून दोन्ही सरकारांनी काय काय केलं ते मी सांगतो, ऐका...

संपादक

सीमाप्रश्नावर वेगळे धागे आहेत, कृपया तिकडे लिहा. इथं एका घरातला पेशंट आहे. योजनेचे कागद, हॉस्पिटल, प्रवास यांची माहिती जरूर द्या.

यळ्ळूरगड

संपादकांशी सहमत. निपाणीकर सर, काकांना बेळगावला आणणार असाल तर माझं घर हॉस्पिटलपासून जवळ आहे. मुक्काम, जेवण, कशाचीही काळजी करू नका. व्यक्तिगत निरोप पाठवलाय.

निपाणीकर

सगळ्यांचे मनापासून आभार. रात्री बसून पूर्ण वाचलं, काकांनाही जमेल तेवढं वाचून दाखवलं. अडत_दुकान यांचं पोत्याचं बोलणं त्यांना लगेच पटलं, वखारीतला माणूस तो. म्हणाले, "मग माझ्या पोत्यातनं काय बाहेर काढून ठेवलंय ते बघायची टेस्ट आहे का?"

तोच माझाही प्रश्न आहे. सुरू करण्याआधी गुण येईल की नाही हे कळण्याची काही तपासणी आहे का? आणि डॉक्टरांना आणखी काय विचारू? मॅडम, काकांची एचएलए तपासून घ्यायची का?

प्रयोगशाळेतली

काकांना माझा नमस्कार सांगा. त्यांनी नेमका तोच प्रश्न विचारलाय ज्याच्यावर जगभरच्या प्रयोगशाळा काम करताहेत. गाठीच्या पेशींवरून एचएलए उतरवून त्यावरचे तुकडे मास स्पेक्ट्रोमीटरवर वाचता येतात. पण त्याला बराच मोठा नमुना लागतो आणि आज ते संशोधनापुरतंच आहे. डीएनए वाचून संगणकानं अंदाज करता येतो की कुठला बदललेला तुकडा कुठल्या एचएलएत बसेल. तो अंदाज बऱ्यापैकी जमतो. मात्र त्या तुकड्याला कुठला टीसीआर धरेल हे संगणकाला अजून भरवशानं सांगता येत नाही.

निवोलुमॅबसाठी एचएलए तपासायची गरज नाही, त्यावर पैसे घालवू नका. तो खर्च टीसीआर थेरपीच्या चाचणीत भाग घ्यायचा असेल तेव्हाचा.

खानापूरचा_डॉक्टर

बरोबर. उपलब्ध आणि उपयोगी तपासणी म्हणजे बायोप्सीच्या तुकड्यावरची पीडी-एल१, तिचा निकाल सीपीएस या आकड्यात येतो. आकडा जास्त तर गुण येण्याची शक्यता जास्त, पण कमी आकड्यातही काहींना गुण येतो. म्हणून एकट्या आकड्यावरून औषध नाकारू नका.

डॉक्टरांना हे विचारा. काकांना पूर्वी सोरायसिस, संधिवात, थायरॉइड असा स्वतःच्याच शरीरावर उलटणारा आजार होता का, हे त्यांना माहीत आहे ना? दुसऱ्या कशासाठी स्टेरॉइड चालू आहे का? ब्रेक काढला की कॅन्सर न ओळखणाऱ्या, पण शरीराच्या दुसऱ्या भागाला धरणाऱ्या टी पेशीही मोकळ्या सुटतात. त्यामुळे जुलाब, दम लागणे, कोरडा खोकला, अंगभर पुरळ, डोळे पिवळे होणे, खूप थकवा, यातलं काही दिसलं तर गावातल्या दुकानातून गोळी आणून वाट बघू नका, ज्यांनी औषध दिलं त्यांनाच त्याच दिवशी फोन करा. वेळेत कळलं तर स्टेरॉइडनं बहुतेक वेळा आवरतं. कमी डोसमध्येही हे विसरू नका.

पहिल्या सलाईनआधी टीएसएच (थायरॉइडची तपासणी), लिव्हर, किडनी, साखर आणि छातीचा फोटो करून फाइलला लावा, पुढे तुलना करायला तेच लागतं. दोन-तीन महिन्यांनी स्कॅन होईल. सुरुवातीला गाठ थोडी मोठी दिसली तर लगेच घाबरून औषध बंद करू नका. क्वचित टी पेशी आत गोळा झाल्यानंही ती फुगते. पण खरी वाढच जास्त वेळा असते, तेव्हा तो निर्णय स्कॅन बघून डॉक्टरांनाच घेऊ द्या. आणि काकांचा तंबाखू अजून पूर्ण सुटला नसेल तर ते आजच.

निपाणीकर

ऑपरेशननंतर सुटलाय डॉक्टर, घरात आता कोणीच खात नाही. यादी उतरवून घेतली. सोमवारी भेट आहे, पीडी-एल१ आणि टीएसएचचं पहिल्यांदा विचारतो, निकाल आले की इथंच टाकतो.